छापील ओळ

बँकेच्या नवव्या मजल्यावर कायदा विभाग होता, आणि त्या मजल्यावर उतरणारा माणूस लिफ्टमध्येच आवाज खाली आणायचा. काही वाईट केलेलं नसलं तरी. विभागाच्या प्रमुख मॅडमना मागून सगळे 'चाळणी' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. कुठलाही करार त्यांच्या टेबलावरून गेला की त्यातले खडे बाजूला निघत. कधी कधी खड्यांबरोबर अख्खा करारच बाजूला निघे, मग सहाव्या मजल्यावरची धंदा आणणारी मंडळी बोटं मोडत बसत. मॅडमना त्याचं सोयरसुतक नसे. बँकेला वकील लागतो तो नाही म्हणायला, हो म्हणायला तर रबरी शिक्काही पुरतो, असं त्या म्हणत.

अकरा देशांत बँकेच्या कचेऱ्या होत्या आणि त्यांत मिळून बेचाळीस वकील मॅडमच्या हाताखाली होते. मंगळवारी सगळे पडद्यावर भेटत. चौकटीचौकटींत बसलेल्या त्या माणसांपैकी कुणी नुकता अंघोळ करून आलेला, कुणी जांभई दाबणारा, कुणी जेवण बाजूला सरकवून खोटं हसणारा. मॅडम सगळ्यांची चौकशी करत, पण दोन वाक्यांत. तिसरं वाक्य कामाचं असे. बेचाळीस जणांच्या मुलांची नावं त्यांना पाठ होती आणि त्यांतल्या एकालाही त्या कधी घरी बोलावत नसत. वकिलानं कुणाचं फार जवळचं होऊ नये, उद्या त्याचीच फाइल समोर येते, हे त्यांचं तत्त्व. तत्त्व चांगलंच होतं. अडचण एवढीच की तत्त्व सुचण्याआधी माणूस कुणाच्या तरी जवळचा होऊन बसलेला असतो.

मॅडमचे वडील बस स्थानकावर तिकीट खिडकीत बसायचे. बस उशिरा येणार असेल तर उशिरा येणार असं तोंडावर सांगायचे, मग खिडकीबाहेरचा माणूस शिव्या घालो की गयावया करो. खोटं बोलायचं नाही हा मॅडमना घरून मिळालेला वारसा. खरं किती बोलायचं, हे मात्र त्या बँकेत शिकल्या.

आणि बँक त्यांना शिकवली ती काकांनी. काका नात्यातले नव्हेत, बँकेत सगळेच त्यांना काका म्हणत. ते ग्राहक तपासणी विभागात होते. नवा ग्राहक आला की तो खरा आहे का, त्याची कंपनी आहे तिथे आहे का, ती काय विकते, कुणाची आहे, हे बघणारा हा विभाग. सव्वीस वर्षांपूर्वी मॅडम नव्या वकील म्हणून रुजू झाल्या तेव्हा त्यांना पुस्तकातलं सगळं येत होतं आणि बँकेतलं काहीच येत नव्हतं. काका त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांनी या पोरीला तळघरातल्या दप्तरखान्यात नेलं, जुन्या फाइली उघडून दाखवल्या, आणि मग एके दिवशी दोन तास चालवत एका गोदामाच्या पत्त्यावर नेलं. तिथे गोदाम नव्हतं, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. "कागदावरचा पत्ता पायांनी वाचायचा," काका म्हणाले होते. पुढे एकदा मॅडमनी एका मोठ्या कराराला जोडायचं पान जोडलंच नाही. सह्या व्हायला पाऊण तास उरला असताना ते काकांच्या लक्षात आलं. ते स्वतः पान घेऊन धावत आले, आणि या गोष्टीचा त्यांनी जन्मात कुणापाशी उच्चार केला नाही.

मॅडम वर चढत गेल्या, काका तिथेच राहिले. काही माणसं त्यांच्या खुर्चीतच मुरतात. चारचौघांत ते त्यांना मॅडम म्हणत, दोघंच असले की पोरी. पन्नाशीच्या बाईला पोरी म्हणणारं त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं, आणि मॅडमना ते मनापासून आवडायचं.

आता त्या कार्डाविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. बँकेत काही गैर झाल्याचा संशय आला की कायदा विभाग संबंधित माणसाला बोलावून विचारतो. विचारण्याआधी एक सूचना वाचून दाखवावी लागते. मॅडमनी ती एका कार्डावर छापून बेचाळीस जणांना वाटली होती. 'मी बँकेची वकील आहे, तुमची नाही. आपलं बोलणं गुप्त राहील, पण ती गुप्तता बँकेच्या मालकीची आहे. ती पाळायची की सोडायची हे बँक ठरवेल, तुम्हाला विचारेलच असं नाही. समजलं?' मग थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. हसायचं नाही. आणि चहा नंतर, कारण चहा आधी दिला की माणूस पाहुणा होतो आणि पाहुणा भाबडेपणानं बोलतो. हे मॅडम दरवर्षी नव्या वकिलांना शिकवत. समोरचा माणूस घाबरला तर घाबरू द्या, म्हणत. ती भीतीच त्याची वकील असते.

आणखी एक नियम त्यांनीच केला होता. ओळखीच्या माणसाची चौकशी आपण करायची नाही.

तीन वर्षांपूर्वी बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाचं पत्र आलं. एक कंपनी निव्वळ कागदावरची निघाली होती. पत्त्यावर एक रिकामी खोली होती आणि खोलीत एक खुर्चीसुद्धा नव्हती. बँकेच्या फाइलीत मात्र 'प्रत्यक्ष भेट दिली, कामकाज समाधानकारक' अशी नोंद होती, आणि खाली काकांची सही.

मॅडमनी फाइल तीनदा वाचली. बाहेरच्या वकिलांकडे हे काम द्यावं, असा नियम सांगत होता. पण ते बाहेरचे वकील म्हणजे काळ्या सुटातले, घड्याळ टेबलावर काढून ठेवणारे. काका त्यांच्यासमोर थरथरतील. त्यापेक्षा मी विचारते, निदान माणूस म्हणून विचारेन, असं मॅडमना वाटलं. यात कपट नव्हतं. कपट असतं तर एवढं वाईट झालं नसतं, कारण कपटाचा वास येतो आणि काका म्हणजे वासावरून ग्राहक ओळखणारा माणूस.

काका आले ते बगलेत फाइल धरून, परीक्षेला आल्यासारखे. खोली लहान होती. काचेवर माणसाच्या डोक्याच्या उंचीला दुधी पट्टी होती, त्यामुळे बाहेरून फक्त बूट दिसत. नियमाप्रमाणे दोन वकील हवेत म्हणून मॅडमची डेप्युटी कोपऱ्यात टिपण घ्यायला बसली होती. ती मोजकं बोलणारी बाई होती, दोन मुलांची आई, कामाला चोख. टेबलावर चहा होता. मॅडमनीच सांगून ठेवला होता.

मॅडमनी कार्ड अक्षरन् अक्षर वाचलं. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी फाइल मांडीवर घेतली, तिच्या कडा सारख्या केल्या आणि विचारलं, "म्हणजे मी माझा वकील करायला हवा का?"

आता याचं उत्तर मॅडम देऊ शकत नव्हत्या. त्या बँकेच्या वकील. पण उत्तर न देणं आणि उत्तर टाळणं यांत फरक आहे. तो फरक बेचाळीस जणांना शिकवणाऱ्या बाईला ठाऊक नव्हता असं कोण म्हणेल? त्यांनी शांत राहून दहा मोजायला हवे होते. त्या म्हणाल्या, "हे सगळ्यांनाच वाचून दाखवावं लागतं, काका. घाबरू नका."

प्रत्येक शब्द खरा होता. सगळ्यांनाच वाचून दाखवावं लागतं.

काका हसले. "तू आहेस ना समोर," ते म्हणाले, "मग झालं." आणि त्यांनी चहाचा कप उचलला.

मग ते बोलले. बायकोचे उपचार चालू होते, दिवसाआड तिला रुग्णालयात न्यावं लागायचं. विभागात नऊ माणसं होती, त्यांची चार केली होती. वरून रोज विचारणा, खाती का अडली म्हणून. आणखी माणसं द्या अशा पाच मेल त्यांनी लिहिल्या होत्या, त्या फाइलीत लावून आणल्या होत्या. त्या कंपनीच्या पत्त्यावर ते गेले नव्हते. फोनवर बोलून भेट दिली असं लिहिलं होतं. नियामकाला एवढंच ठाऊक होतं आणि चौकशीही एवढ्याचीच होती. पण काकांनी कप खाली ठेवला आणि न विचारता सांगितलं की अजून दोन आहेत. त्या दोन ठिकाणीही ते गेले नव्हते. "मनावर दगड होता पोरी, वर्षभर. बरं झालं तू विचारलंस."

मॅडमनी विचारलंच नव्हतं. त्या वेळी त्यांनी हात वर करून त्यांना थांबवायला हवं होतं. पुढे तीन वर्षं मॅडमचा हात कितीदा तरी मनातल्या मनात वर गेला. भाजी चिरताना, लिफ्टची वाट बघताना, कुणाचं तरी निरोपाचं भाषण ऐकताना. त्या दिवशी मात्र हातात पेन होतं आणि त्या लिहून घेत होत्या.

काका गेल्यावर डेप्युटीनं नमुन्याचा कागद पुढे केला. चौकशीच्या त्या नमुन्यावर सगळ्यात वर एक ओळ छापलेली असे, 'सूचना वाचून दाखवली. समोरील व्यक्तीने ती समजल्याचे सांगितले.' प्रत्येक वेळी हाताने लिहायला नको म्हणून मॅडमनीच ती छापून घेतली होती. खाली दोन वकिलांच्या सह्यांची जागा.

"मॅडम, ते समजलं असं म्हणाले नाहीत," डेप्युटी म्हणाली.

मॅडम काकांच्या पाच मेल बघत होत्या. "छापलेलंच आहे ते," त्या म्हणाल्या. "सही करा."

डेप्युटीनं सही केली. सहा महिन्यांनी तिनं राजीनामा दिला आणि परदेशी निघून गेली. राजीनाम्यात कारण लिहिलं नव्हतं, आणि प्रत्येक कागदाचं कारण विचारणाऱ्या मॅडमनी तिला ते विचारलं नाही.

पुढचं सगळं नियमानं झालं. संचालकांनी विचारलं, हे टिपण नियामकाला द्यावं का? गुप्तता बँकेची, सोडायची तर बँकेनं. दिलं तर बँकेनं स्वतःहून सहकार्य केलं असं होईल आणि शिक्षा हलकी होईल. नाही दिलं तर बँक लपवते असं दिसेल. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं अशी ही गोष्ट नव्हतीच, बँकेच्या बाजूनं बघितलं तर उत्तर स्वच्छ होतं. मॅडमनी चार पानी मत लिहिलं. द्यावं. त्यात काकांच्या पाच मेलविषयी अर्धी ओळ होती, 'मनुष्यबळाच्या कमतरतेबाबत संबंधिताने वेळोवेळी कळवले होते, तथापि'. त्या 'तथापि'नंतर मेल कुणी उघडल्या नाहीत. बँक ताकिदीवर सुटली. संचालकांच्या बैठकीत मॅडमसाठी टाळ्या वाजल्या, आणि मॅडम टाळ्या संपेपर्यंत टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत बसल्या.

काकांना काढून टाकलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नियामकानं तीन खोट्या नोंदी धरून त्यांना कायमची बंदी घातली. देशातल्या कुठल्याही बँकेत, कुठल्याही पेढीत त्यांनी नोकरीसाठी पाऊल ठेवायचं नाही. आणि नियामकाच्या संकेतस्थळावर बंदी घातलेल्यांची यादी असते. तिच्यात त्यांचं नाव चढलं, सायकलच्या दुकानापर्यंत चालत जाणाऱ्या माणसाचं नाव, सराईत भामट्यांच्या मधोमध. काकांची बायको बरी झाली. ती रोज सकाळी फोनवर ती यादी उघडून बघते, नाव आहे का अजून म्हणून, असं कुणीतरी मॅडमना सांगितलं. ज्यानं सांगितलं त्याला वाटलं, मॅडमना हे माहीत असावं. मॅडमना हे माहीत नसतं तर फार बरं झालं असतं.

या तीन वर्षांत त्यांनी काकांना एकदाही फोन केला नाही. प्रकरण चालू असताना संबंधिताशी बोलू नये. कारण बिनतोड होतं. केसानं गळा कापणाऱ्यालाही एक बरं असतं, कापलेलं फारसं दिसत नाही.

मग काकांनी बंदीविरुद्ध अपील केलं. त्यांच्या वकिलापाशी धरायला एकच दोरी होती. चौकशीआधीची सूचना त्यांना खरोखर कळलीच नव्हती, असं ठरलं तर ते सगळं टिपण बाद होणार होतं. टिपण बाद झालं की काकांनी स्वतःहून सांगितलेल्या दोन गोष्टीही जाणार. उरणार एक खोटी नोंद, तीही एवढ्या ताणातली. तिला वर्ष-दोन वर्षांची बंदी फार झाली, आणि तेवढी वर्षं तर होऊनच गेली होती. म्हणजे नाव यादीतून निघणार. सारं एका प्रश्नावर येऊन थांबलं होतं. काकांना समजलं होतं का? साक्षीला मॅडमना बोलावणं आलं. डेप्युटी दूर होती, कागदावर सह्या दोघींच्याच.

अर्जाची प्रत मॅडमनी दार लावून वाचली. काकांनी एवढंच लिहिलं होतं की सूचनेचा अर्थ मला नीट पोचला नाही. त्यांनी काय विचारलं, मॅडम काय म्हणाल्या, चहा, यातलं एक अक्षर नव्हतं. वाचून मॅडमना हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज त्यानंतर वाटली, पण आधी हायसं वाटलं हे काही खोडता येत नव्हतं.

बँकेचे बाहेरचे वकील त्यांना तयार करायला आले. तेच काळ्या सुटातले. त्यांनी घड्याळ टेबलावर काढून ठेवलं आणि मॅडमनी हजार साक्षीदारांना सांगितलेलं मॅडमनाच सांगितलं, विचारलं तेवढंच बोला. सूचना वाचली का? हो, शब्दशः. त्यांनी समजल्याचं सांगितलं का? तशी नोंद आहे.

"आणखी काय बोलणं झालं असं विचारलं तर?" मॅडमनी विचारलं.

"नाही विचारणार. त्यांच्या वकिलाला काय विचारायचं तेच ठाऊक नाही. म्हातारा त्यालाही धड सांगत नाही."

खरं सांगितलं तर काय होईल, हे मॅडमनी इतर कुणाच्याही प्रकरणात असतं तसं कागदावर मांडून बघितलं. छापील ओळ खोटी, तिच्याखाली विभागप्रमुखाची सही. सनद जाईल. बँकेचं सहकार्य पोकळ ठरेल, जुनं प्रकरण पुन्हा उघडेल. बेचाळीस जणांनी त्याच नमुन्यावर केलेल्या शेकडो चौकशा संशयात येतील. आणि नोकरीची नऊ वर्षं उरली होती. कागद त्यांनी फाडून टाकला. वकिलांना कागद फाडायची भारी सवय, जणू फाडला की वाचलेलं जातं.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. रात्रीचं जेवण झाल्यावर तो टेबलावर काचा पुसत बसला होता तेव्हा मॅडमनी त्याला सगळं सांगितलं, तीन वर्षांत पहिल्यांदा. त्याला काका माहीत होते. या दोघांच्या लग्नात सामानाची यादी हातात घेऊन फिरणारे काकाच होते.

"तू खोटं काही बोलणार नाहीस," तो म्हणाला.

"नाही. तशी नोंद आहे, एवढंच म्हणेन. नोंद आहेच."

"नरो वा कुंजरो वा," तो म्हणाला आणि दुसरी काच उचलली.

अपील मंडळाची कचेरी एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. साक्षीदारानं आतलं ऐकू नये म्हणून मॅडमना बाहेर बाकावर बसवलं. समोर दार, दारावर वाळूच्या रंगाचा रंग, खाली बुटांनी झिजलेली चौकट. काका आधीच आत गेले होते. त्यांचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. मॅडम मनात म्हणत होत्या, तशी नोंद आहे. तशी नोंद आहे. मधेच दुसरं वाक्य यायचं, मीच म्हणाले त्यांना घाबरू नका म्हणून. ते आलं की त्या पहिलं वाक्य जोरानं म्हणायच्या. बाकावर बसल्या बसल्या त्यांचं ठरलं. डळमळ होती ती संपली. विचारतील तेवढंच. त्यांना स्वतःची किळस आली आणि तरी ठरलेलं बदललं नाही.

वीस मिनिटांनी दार उघडलं. मंडळाचा कारकून बाहेर आला आणि म्हणाला, आपल्या साक्षीची गरज उरली नाही, आपण जाऊ शकता. त्याच्यामागून काळ्या सुटातले वकील आले. त्यांना आनंद लपवता येत नव्हता. अध्यक्षबाईंनी सरळ विचारलं, ते सांगू लागले, सूचना दिली तेव्हा तुम्हाला ती समजली होती का? आणि म्हातारा म्हणाला, समजली होती. त्याच्या वकिलानं टाचणी टोचल्यासारखी उडी मारली, नीट विचार करून बोला म्हणाला. तर पुन्हा तेच. मॅडमनी व्यवस्थित सांगितलं होतं, माझी समजण्यात चूक नाही झाली. संपलं की. आता दहा मिनिटांची सुट्टी, मग शेवटचे युक्तिवाद, नावाला.

"सुंठीवाचून खोकला गेला," वकील म्हणाले आणि फोन लावत जिन्याकडे गेले.

मॅडमना सुटल्यासारखं वाटलं. अंग हलकं झालं, अगदी खरं हलकं झालं. त्या उठल्या आणि पर्स खांद्याला लावली, आणि तेवढ्यात काका बाहेर आले.

तीन वर्षांत ते बरेच वाळले होते. कोट तोच होता, आत माणूस कमी झाला होता. त्यांनी मॅडमना पाहिलं आणि ओळखीचं हसले. बाकावर बसले आणि शेजारची जागा हातानं झटकली.

"बस, पोरी."

मॅडम बसल्या. बोलू नये असा नियम होता आणि त्यांनी तो मोडला. "काका, असं का सांगितलंत?"

काकांनी पाण्याची बाटली उघडली, दोन घोट प्यायले, टोपण नीट लावलं. आतल्या खोलीत खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता.

"मग काय करणार होतो?" ते म्हणाले. "माझ्यानंतर तुला बोलावणार होते. तू आत आली असतीस आणि सगळं जसंच्या तसं सांगून बसली असतीस. चहापासून. मी काय ओळखत नाही तुला? माझं जायचं ते गेलंच आहे. आता तुझंही कशाला घालवायचं? वकील चिडलाय माझा, चिडू दे. बायकोला सांगेन काहीतरी."

मॅडम दाराकडे बघत होत्या. दार अर्धवट उघडं होतं. आत अध्यक्षबाई कुणाशी तरी बोलत होत्या, त्यांचा हात दिसत होता. सुट्टीतली अजून सहा-सात मिनिटं उरली असतील. आत जायला दहा पावलंही लागली नसती.

"खरं सांगणारच होतीस ना तू?" काकांनी विचारलं. त्यांना शंका नव्हती. कौतुकानं विचारलं, जसं मोठं माणूस घरातल्या हट्टी मुलीला विचारतं.

"हो," मॅडम म्हणाल्या.

काकांनी समाधानानं मान हलवली. थोड्या वेळानं कारकुनानं आतून नाव पुकारलं, तेव्हा ते बाकाच्या हाताला धरून उठले आणि युक्तिवाद ऐकायला आत गेले.